थेट फवारा : एका एंजिनाचा इतिहास आणि त्याचा प्रपंच

अहिल्यानगराहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराहून, मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर राहुरी हें तालुक्याचें गांव लागतें. मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख उंसाचा आहे. शिर्डीहून शनिशिंगणापुरास जाणारा यात्रेकरूहि बहुधा याच गांवावरून वळतो. त्यामुळें गाळपाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे या रस्त्यावर दोन युगांचीं वाहनें एकमेकांना खेटून चालूं लागतात. एका अंगाला उंसानें शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरामागें जोडलेल्या ट्रॉल्या. दुसऱ्या अंगाला त्यांच्या मागें मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या, मुंबई-पुण्याहून आलेल्या, अगदीं नव्या घडणीच्या मोटारी. या मोटारींपैकीं पुष्कळांच्या पोटांत जें एंजिन असतें, त्याचा इतिहास बैलगाडीवाल्याला ठाऊक नसतो यांत नवल नाहीं. परंतु तो मोटारीच्या मालकालाहि बहुधा ठाऊक नसतो, ही गोष्ट मात्र त्याच्या खिशाला महाग पडणारी आहे.

या एंजिनाचें वैशिष्ट्य एका वाक्यांत सांगतां येतें. जुन्या एंजिनांत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण बाहेर तयार होऊन मग सिलिंडरांत शिरत असे. यांत हवा एकटीच आंत शिरते, आणि पेट्रोलाचा फवारा प्रचंड दाबाखालीं थेट सिलिंडरांतच सोडला जातो. म्हणून याला थेट फवाऱ्याचें एंजिन म्हणावें. बदल दिसावयास लहान. परंतु त्यानें एंजिनाचा स्वभाव पालटला, आणि त्याबरोबर मालकाचा धर्महि पालटला. जुनें एंजिन कांहीं कामें कोणाच्या नकळत स्वतःच उरकून घेत असे. नव्या एंजिनानें तीं कामें मालकावर टाकलीं आहेत. हें ज्याला समजलें, त्याला ही मोटार सुख देते. ज्याला समजलें नाहीं, त्याच्या बाबतींत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो.

प्रथम जुनी रीत पाहिली पाहिजे. कार्ब्युरेटर हें यंत्र मोठें भाबडें होतें. सिलिंडरांतील दट्ट्या खालीं गेला, कीं हवा आंत ओढली जाई. ती एका अरुंद गळ्यांतून वेगानें जातांना तिचा दाब उतरे आणि शेजारच्या भांड्यांतील पेट्रोल बारीक नळीवाटें तिच्यांत खेंचलें जाई. यांत ना वीज, ना मोठा दाब. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर काय, रस्त्यांत अडली तर कडुलिंबाच्या सावलींत बसलेला मिस्त्री एक पेंचकस आणि तोंडाची फुंकर एवढ्या भांडवलावर ती सुरू करून देई. हें यंत्र उधळें होतें. कधीं पेट्रोल अधिक, कधीं हवा अधिक, असा त्याचा कारभार असे. परंतु उधळ्या माणसाच्या घरीं नोकरचाकरांचें जसें भागतें, तसें या उधळेपणांतहि एंजिनाच्या इतर भागांचें भागत असे. पेट्रोलाचे थेंब आंत जातांना वाटेंतील झडपांना अंघोळ घालीत जात. पेट्रोल हें उत्तम धुणारें द्रव्य असल्यामुळें त्या झडपा आयत्याच स्वच्छ राहत. हें धुणें कोणी मुद्दाम योजिलेलें नव्हतें, म्हणूनच त्याची किंमतहि कोणाला कळली नव्हती.

थेट फवाऱ्याची कल्पना पेट्रोलाच्या मोटारींत उपजलेली नाहीं. ती तेलाच्या एंजिनांतून आलेली आहे. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापविली जाते, कीं तींत तेलाचा फवारा सोडतांच तो पेट घेतो. असा फवारा सोडणारे भरंवशाचे पंप जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९२७ सालीं कारखान्यांतून काढावयास आरंभ केला, आणि त्यानंतर डिझेल एंजिन ट्रकांत, बोटींत आणि शेतांत पोंचलें. या दृष्टीनें पाहतां राहुरीच्या शेतकऱ्याला फवारा नवा नाहीं. विजेचे खांब येण्यापूर्वीं विहिरींवर धडधडणारीं एंजिनें, आणि नंतरचे ट्रॅक्टर, हे सारे फवाऱ्यावरच चालले. नोझल चोंदली, पंप उतरला, हे शब्द या भागांतील खेडुताच्या तोंडीं किती तरी वर्षें आहेत, आणि पंप-नोझल दुरुस्त करणारीं दुकानें तालुक्यांच्या बाजारपेठांतून आढळतात.

मग डिझेलमध्यें जें साधलें, तें पेट्रोलमध्यें लौकर कां साधलें नाहीं? याचें कारण मोठें मनोरंजक आहे. डिझेल हें स्वभावतः स्निग्ध आहे; पंपाच्या पोलादी अंगांना तें स्वतःच वंगण देतें. पेट्रोल उलट कोरडें. ज्या पंपांतून डिझेल वर्षानुवर्षें सुखानें वाहतें, त्याच पंपांत पेट्रोल घातलें तर धातूवर धातू घांसून तो लवकरच निकामी होतो. शिवाय पेट्रोल किंचित् उष्णतेनेंहि वाफ होऊं पाहतें, आणि वाफ पंपाच्या हातीं लागत नाहीं. स्वीडनचा एंजिनिअर योनास हेसलमान यानें १९२५ सालीं ठिणगीवर चालणारें आणि फवारा घेणारें एक एंजिन तयार केलें. तें ट्रक व बसगाड्यांत कांहीं काळ चाललेंहि. परंतु सर्वसाधारण मोटारीपर्यंत ही विद्या पोंचली नाहीं.

ती प्रथम पोंचली आकाशांत. आणि पुष्कळ शोधांच्या बाबतींत घडतें त्याप्रमाणें, तिला तेथें नेलें युद्धानें. विमान उलटेंसुलटें होतें. त्यांत कार्ब्युरेटरच्या भांड्यांतील पेट्रोल भलतीकडेच जातें. जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कारखान्यानें १९३७ च्या सुमारास जें डीबी ६०१ नांवाचें एंजिन काढलें, त्यांत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जात असे. हें एंजिन मेसरश्मिट जातीच्या लढाऊ विमानांत बसविण्यांत आलें. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत जें घनघोर युद्ध झालें, त्यांत जर्मन वैमानिक पाठलाग चुकविण्याकरितां विमानाचें नाक एकदम खालीं करून सूर मारी. मागचें इंग्रज स्पिटफायर तसेंच करूं गेलें, कीं त्याच्या रोल्स-रॉइस एंजिनाचा कार्ब्युरेटर गोंधळून एंजिन क्षणभर गुदमरे. आणि तेवढ्या क्षणांत शत्रु निसटे. यावर तोडगा काढला तो फार्नबरो येथील संशोधनशाळेंतील बीट्रिस शिलिंग या एंजिनिअर बाईनें. पेट्रोलाच्या वाटेंत मोजक्या छिद्राची एक लहानशी धातूची चकती बसवून तिनें १९४१ सालीं हा दोष बराचसा आवरला. एका चकतीनें अनेक वैमानिकांचे प्राण वांचले, असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु मूळ धडा राहिलाच. पेट्रोल जेथें हवें तेथें, हवें तेव्हां, आणि मोजून देणें, यांत मोठें सामर्थ्य आहे, हा तो धडा होय.

युद्ध संपल्यावर जर्मनीला विमानें बांधण्यास मनाई झाली, आणि आकाशांतील विद्या रस्त्यावर उतरली. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गुटब्रोड आणि गोलिआथ या दोन लहान जर्मन मोटारींना बॉशचा थेट फवारा मिळाला. त्यांचीं एंजिनें दोन धांवांचीं आणि अगदीं लहान होतीं. मग १९५४ सालीं मर्सिडीझ-बेन्झची ३०० एसएल ही मोटार आली. तिचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांप्रमाणें वर उघडत. चार धांवांच्या पेट्रोल एंजिनांत थेट फवारा असलेली विक्रीची पहिली मोटार म्हणून तिची नोंद आहे. १९५७ पर्यंत तशा फक्त १४०० मोटारी तयार झाल्या, आणि श्रीमंत रसिकांनीं त्या डोक्यावर घेतल्या.

परंतु या मोटारीच्या मालकांनाच या एंजिनाचा पहिला प्रपंचहि करावा लागला. तिचा पंप यांत्रिक होता. एंजिन फिरत आहे तोंवर तो फवारा सोडीत राही. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली, तरी एंजिन पुरतें थांबेपर्यंतचे कांहीं फेरे शिल्लक असत, आणि त्या फेऱ्यांत न जळलेलें पेट्रोल सिलिंडरांत पडे. तें भिंतींवरील तेल धुऊन खालच्या तेलाच्या भांड्यांत उतरे आणि तेथील तेल पातळ करी. मोटार दूरवर, जोरांत धांवली तर तेल तापून तें पेट्रोल उडून जाई. परंतु शहरांत दोन-चार मैल फिरवून ठेवून दिली, तर तेल दिवसेंदिवस पाणचट होत जाई. म्हणून तिचें तेल वारंवार बदलावें लागे. या एंजिनाला थोडकी चाल मानवत नाहीं आणि त्याच्या तेलाकडे सदैव लक्ष ठेवावें लागतें, ही गोष्ट अशा रीतीनें त्याच्या पहिल्याच पिढींत उघड झाली. सत्तर वर्षें लोटलीं. विजेचे हुकूम आले. दोष पुष्कळ सौम्य झाला. पण समूळ गेलेला नाहीं.

यानंतर चाळीस वर्षें हा प्रकार जवळजवळ अज्ञातवासांत गेला. फवारा लोकप्रिय झाला खरा; परंतु तो सिलिंडराच्या दाराशीं, झडपेच्या मागें सोडण्याचा. त्याला दाब थोडा लागतो, खर्च कमी येतो, आणि झडपा धुण्याचें काम अबाधित राहतें. भारतांतहि २००० च्या आगेंमागें धुराचे नियम कडक झाले, तेव्हां कार्ब्युरेटरला निरोप मिळाला तो या फवाऱ्यामुळें. थेट फवाऱ्याचें पुनरागमन झालें १९९६ सालीं, जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या गॅलंट मोटारींत. आतां पंपाला हुकूम देण्यास संगणक होता. क्षणाच्या हजाराव्या हिश्शाचा हिशेब ठेवणें शक्य झालें होतें. जपानी एंजिनिअरांचा हेतु अत्यल्प पेट्रोलावर, हवेनें भरपूर पातळ केलेल्या मिश्रणावर एंजिन चालविण्याचा होता. परंतु त्या रीतीनें धुरांतील जो दोष वाढे, तो निवारणारीं उपकरणें पेट्रोलांतील गंधकानें खराब होत. म्हणून पुढें बहुतेकांनीं मिश्रण नेहमींच्या प्रमाणांत ठेवून थेट फवाऱ्याला टर्बोची, म्हणजे एंजिनांत हवा कोंबणाऱ्या चक्राची, जोड दिली. लहान एंजिनांतून मोठ्या एंजिनाचें काम, हें या जोडीचें ब्रीद झालें.

ही जोडी महाराष्ट्रांत आली ती राहुरीच्या अगदीं भोंवतालीं. नाशिक, पुण्याजवळचें चाकण, आणि छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, याच्याजवळचें शेंद्रें हीं तीन ठिकाणें रेघांनीं जोडलीं, तर जो त्रिकोण होतो त्याच्या पोटांत राहुरी पडते. शेंद्र्याच्या कारखान्यांत जुळणी झालेल्या स्कोडाच्या सुपर्ब व लॉरा या मोटारी २००९-१० च्या सुमारास १.८ लिटरचें थेट फवाऱ्याचें एंजिन घेऊन रस्त्यावर आल्या. २०१३ सालीं चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यानें पोलो या लहान मोटारींत १.२ लिटरचें तसेंच एंजिन घातलें, आणि ही वस्तु केवळ धनिकांची राहिली नाहीं. २०२० सालीं नाशिकच्या महिंद्र कारखान्याची नवी थार निघाली. तिच्या पेट्रोल एंजिनांतहि थेट फवारा आहे. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून सबंध देशांत भारत-सहा हे धुराचे नियम लागू झाले आणि पेट्रोलांतील गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आलें. अशा रीतीनें या एंजिनाला देशांत योग्य अन्न मिळूं लागलें.

या एंजिनाचा गुण कोणता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पेट्रोल सिलिंडरांत फवारलें गेलें, कीं त्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. मडक्याच्या अंगावरून पाणी उडून आंतील पाणी गार व्हावें, तसाच हा प्रकार. आंतील हवा गार झाल्यामुळें ती अधिक दाबतां येते, आणि तरीहि मिश्रण अवेळीं भडकून एंजिन खडखडत नाहीं. अधिक दाबणें म्हणजे त्याच पेट्रोलांतून अधिक काम काढणें. म्हणूनच एक लिटरचें तीन सिलिंडरांचें एंजिन चार माणसें आणि सामान घेऊन घाट चढतें. यासाठीं पंपाला मात्र वातावरणाच्या दाबाच्या दोनशें पट, कित्येक एंजिनांत साडेतीनशें पटपर्यंत, दाब निर्माण करावा लागतो. कार्ब्युरेटरच्या नळींत फुंकर घालणाऱ्या मिस्त्रीनें ही नळी चालू अवस्थेंत सोडविण्याचें धाडस केलें, तर तें जिवावर बेतेल. आधीं रीतसर दाब उतरवूनच तिला हात लावावा लागतो.

आतां उणी बाजू. पहिलें उणें झडपांचें. पेट्रोल झडपांना शिवेनासें झाल्यामुळें त्यांची अंघोळ बंद पडली. एंजिनाच्या तळांतून उठणारी तेलाची वाफ मात्र पूर्वींप्रमाणेंच त्यांच्यावरून आंत जाते. कारण धुराच्या नियमांप्रमाणें ती बाहेर सोडतां येत नाहीं. ही वाफ तापलेल्या झडपेवर बसते, करपते, आणि थेंबें थेंबें तळें साचावें तसा काजळीचा थर चढत जातो. सकाळीं पहिल्यांदा सुरू करतांना एंजिन थरथरणें, एखादें सिलिंडर मधूनच चुकणें, चढावर पूर्वींचा जोर न मिळणें, हीं त्याचीं लक्षणें. हा थर किती किलोमीटरांनंतर बसेल, याला एकच उत्तर नाहीं. एंजिनाची घडण, तेल आणि चालविण्याची रीत यांवर तें अवलंबून आहे. पेट्रोलांत मिसळण्याचीं औषधें पुष्कळ विकलीं जातात. त्यांनीं फवारणीच्या नळीचें तोंड स्वच्छ होईल. परंतु जें पेट्रोल झडपेला शिवतच नाहीं, त्यांतील औषध झडपेला कसें पोंचणार? तेथें हवेची नळी उतरवून थर काढणें हाच खरा उपाय. अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या जोरानें मारून तो झाडून काढण्याची रीत जगभर रूढ झाली आहे. अक्रोडाचें कवच काजळीपुरतें कठीण आणि धातूला ओरखडा न काढण्याइतकें मऊ असतें, हें त्याचें मर्म. कित्येक कारखान्यांनीं या दोषावर मूलगामी तोडगा काढला आहे. टोयोटानें २००५ च्या सुमारास आपल्या लेक्सस मोटारींत दोन्ही फवारे ठेवले. एक सिलिंडरांत आणि एक झडपेच्या मागें. टाकून दिलेल्या जुन्या रीतीला पुन्हां घरांत घ्यावें लागलें, हाच तिच्या निमूट सेवेचा उत्तम पुरावा होय.

दुसरें उणें अवेळीं पेटण्याचें. आणि येथें राहुरीच्या रस्त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. उंसाच्या ट्रॉलीमागें मोटार रखडते आहे. गिअर वरचा, गति थोडी, एंजिनाचे फेरे कमी. पुढची वाट मोकळी दिसतांच चालक गिअर न उतरवितां पाय दाबतो. अशा वेळीं टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरांतील दाब वाढतो, आणि तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगी पडण्यापूर्वींच पेट घेतो. दट्ट्या वर येत असतांना त्याच्या माथ्यावर हा घाव बसतो. तो जबर असला तर दट्ट्या तडकतो. यावर उपाय दोन. एक फुकटचा : ओव्हरटेक करण्यापूर्वीं गिअर खालीं आणणें. दुसरा थोड्या खर्चाचा : कारखान्यानें नेमून दिलेल्या प्रतीचेंच तेल घालणें. या आघाताचा संबंध तेलांतील कॅल्शियमच्या क्षारांशीं आहे असें दिसून आल्यावर २०१८ सालीं अमेरिकेंत एपीआय एसएन प्लस ही तेलाची नवी प्रत, आणि २०२० सालीं तिच्यापुढची एसपी ही प्रत ठरविण्यांत आली. डब्यावरील हीं दोन-चार अक्षरें वाचण्याचा आळस मालकानें करूं नये. चार पैसे वांचवून घातलेलें हलकें तेल पुढें दट्ट्याच्या रूपानें वसूल होतें.

तिसरें उणें पातळ तेलाचें, म्हणजे १९५४ च्या त्या पंखवाल्या मोटारीचा वारसा. गार एंजिनांत फवाऱ्याचें कांहीं पेट्रोल भिंतीला चिकटून खालीं उतरतें. ज्याची मोटार घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत एवढीच चालते, त्यानें तेल बदलण्याची मुदत किलोमीटरांवर न मोजतां महिन्यांवर मोजावी, आणि अधूनमधून मोटार तासभर तरी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलाचा वास आला, तर तें वाढलेलें तेल नसून उतरलेलें पेट्रोल आहे, हें ध्यानांत घ्यावें.

राहुरीचा या एंजिनाशीं आणखी एक संबंध आहे, आणि तो इंधनाचा आहे. १९४८ सालीं देशांत पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्यासंबंधीं एक स्वतंत्र कायदा झाला. त्याच सुमारास याच जिल्ह्यांत, प्रवरानगर येथें, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. १९५०-५१ हा त्याचा पहिला हंगाम. मागोमाग राहुरीलाहि सहकारी कारखाना निघाला. १९६८ सालीं स्थापन झालेल्या, आज महात्मा फुले यांच्या नांवानें चालणाऱ्या राहुरीच्या कृषि विद्यापीठानें आपल्या पाडेगांव येथील केंद्रावाटें उंसाच्या नव्या जातींचा प्रसार केला. फुले २६५ ही त्यांतलीच. ऊंस वाढला, साखर वाढली, आणि मळीहि वाढली. परंतु मळीच्या मद्यार्काचा मोटारीशीं संबंध कित्येक दशकें कागदावरच राहिला. तो प्रत्यक्षांत आला २००१ सालीं. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशांत ज्या तीन ठिकाणीं प्रथम झाला, त्यांत मिरज आणि मनमाड हीं महाराष्ट्रांतील दोन ठिकाणें होतीं. म्हणजे राहुरीच्या रस्त्याच्या एका टोकालाच या प्रयोगाचा आरंभ झाला. २००३ सालीं महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत शेंकडा पांच मिश्रण आलें. २०२२ सालीं देशाची सरासरी दहावर पोंचली, आणि २०२५ सालीं वीसपर्यंत.

थेट फवाऱ्याला हें मिश्रण अनुकूल कीं प्रतिकूल? दोन्ही. इथेनॉल वाफ होतांना पेट्रोलाहून कितीतरी अधिक उष्णता शोषून घेतें आणि सहजासहजीं अवेळीं पेटत नाहीं; म्हणजे ज्या गुणावर हें एंजिन उभें आहे, तोच गुण त्यानें वाढतो. उलट एका लिटर इथेनॉलांतील उष्णता पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच असते. वीस टक्के मिश्रणांत ती तूट शेंकडा सहा-सातांवर जाते, आणि एंजिन त्या मिश्रणासाठीं जुळविलेलें नसेल तर ती मालकाच्या हिशेबांत दिसते. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें. म्हणून महिनोन्-महिने उभी राहणारी मोटार अर्धवट टाकीनें ठेवूं नये. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींतील रबर व नळ्या या मिश्रणाला टिकतील अशाच असाव्या लागतात. त्याआधींची मोटार असेल तर तिच्या पुस्तिकेंत कोणतें मिश्रण चालेल हें पाहणें अगत्याचें. उंसाचा शेतकरी आणि मोटारीचा मालक हे पुष्कळदां राहुरीस एकाच घरांत असतात. वखारींत एका हातानें घेतलेला उंसाचा पैसा दुसऱ्या हातानें गॅरेजांत देण्याची पाळी त्यावर येऊं नये, एवढेंच.

शेवटचा प्रश्न मिस्त्रीचा आहे, आणि तोच सर्वांत मोठा. पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकानें चार-पांच वर्षें वापरलेली मोटार पुढें तालुक्याच्या गांवीं येते. पहिल्या मालकाजवळ कंपनीची हमी असते; दुसऱ्याजवळ असतो तो रस्त्यावरचा मिस्त्री. तेल कोणतें घातलें, केव्हां बदललें, झडपा कधीं झाडल्या, याची वही मोटारीबरोबर आली नाहीं, तर त्या दुसऱ्या मालकानें घेतलें तें वाहन नव्हे, तर सोडत. म्हणून जुनी मोटार घेतांना रंगाहून वही आधीं पाहावी, आणि थंड एंजिन स्वतःच्या डोळ्यांसमोर सुरू करवून घ्यावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जावें.

या जिल्ह्यांत मोटारीची विद्या कांहीं थोडी नाहीं. १९२९ सालीं रावळपिंडीजवळ चकलाला येथें निघालेली लष्करी वाहनांच्या तपासणीची संस्था १९४७ च्या फाळणीनंतर अहमदनगरास आली, आणि तिच्यांतूनच आजची वाहन-संशोधन संस्था वाढली. राहुरीच्या विद्यापीठांत कृषि अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. पंप-नोझलचे कारागीर तर बाजारांतच बसले आहेत. डिझेलचा फवारा ज्याला कळला, त्याला पेट्रोलच्या फवाऱ्याची अर्धी विद्या येतेच. उरलेली अर्धी, म्हणजे दाब उतरविण्याची शिस्त, धुळीचा कणहि न चालणारी स्वच्छता, आणि संगणकाची भाषा, ती शिकविण्याची सोय गांवोगांवीं व्हावयास हवी. ज्या काळांत एंजिन उधळें होतें, त्या काळांत अज्ञान खपून गेलें. मोजून देणाऱ्या एंजिनापुढें मालकालाहि मोजून वागावें लागतें. झडपांना न मागतां मिळणारी अंघोळ या विद्येनें बंद केली; तिची जागा आतां माणसाच्या लक्षानें भरून काढावयाची आहे. तें लक्ष मिळालें, तर उंसाच्या गाड्यांमागून रखडत निघालेली मोटार राहुरीची वेस ओलांडून मनमाडच्या मोकळ्या रस्त्याला लागेल, आणि घरधन्याला तिच्या पोटांतील यंत्राची आठवणहि होणार नाहीं. चांगल्या यंत्राची आणि चांगल्या निगेची खूण तीच आहे.